तानाबाईंच्या टाकीला जाहीर पाठिंबा

तानाबाईंच्या खानावळीत 'पुरे' म्हणायला बंदी नाही. फक्त त्याचा उपयोग होत नाही. न म्हणता ताटात जेवढं पडलं असतं तेवढंच म्हटल्यावरही पडतं, उलट थोडं जास्तच, कारण 'पुरे' म्हणणारा माणूस लाजतोय अशी तानाबाईंची पक्की समजूत आहे. ताटावर आडवा हात धरणाऱ्यांच्या हातावर गरम रस्सा पडल्याची उदाहरणं पेठेत आहेत. त्यांतल्या एकानं हात काढला नाही. त्याला तानाबाई अजून 'तो हट्टी' म्हणून ओळखतात.

शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागच्या बोळात ही खानावळ आहे. बोर्ड नाही. बाई साठीच्या, अंगानं किरकोळ, आणि स्वतः किती जेवतात हे कुणी पाहिलेलं नाही. मतदार याद्या तपासायला आलेल्या एक शिक्षिका 'घरात किती माणसं' एवढं विचारून जाणार होत्या. त्या जेवून, भिंतीला टेकून, तिथंच डुलकी काढून उन्हं उतरल्यावर गेल्या. याद्या जिथल्या तिथं. एका विमा एजंटानं डॉक्टरांनी मटण बंद केल्याचं सांगितलं, तेव्हा तानाबाईंनी त्याला मटणाचा तुकडासुद्धा वाढला नाही. फक्त पांढरा रस्सा दिला, वाटीमागून वाटी, तो घामाघूम होईपर्यंत. "रस्सा म्हंजे पाणीच की," त्या म्हणाल्या. "पाणी बंद केलंय व्हय डॉक्टरनं?"

आता, पोटभर वाढायचं तर पोटापेक्षा जास्त वाढावं लागतं, आणि जे जास्त होतं ते ताटात राहतं. या राहिलेल्याचं करायचं काय, हे कोडं तानाबाईंना तीस वर्षं सुटलं नव्हतं. दुपारची पंगत उठली की त्या खरकटं बादलीत लोटायच्या आणि लोटताना तोंड दुसरीकडं करायच्या. अन्न टाकणं त्यांना सोसत नव्हतं आणि कमी वाढणं जमत नव्हतं. बादली कोपऱ्यावरच्या कंटेनरपर्यंत न्यायचं काम गणपतरावांचं. गणपतराव हे त्यांचे यजमान. बिद्रीकडच्या साखर कारखान्यात बॉयलरवर त्यांची सगळी नोकरी झाली. तिथल्या आवाजात बोलून उपयोग नसायचा, म्हणून बोलायची सवय गेली ती परत आली नाही.

"एवढं वाढतीस कशाला?" त्यांनी लग्नानंतर कधीतरी एकदा विचारलं होतं.

"मग काय मोजून वाढू? ह्यो काय जेल हाय?"

त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

कोड्याचं उत्तर दीड वर्षापूर्वी एका ट्रकमधून आलं. कागदावर त्याचं नाव 'विकेंद्रित ओला कचरा ऊर्जानिर्मिती प्रकल्प' असं होतं. हे नाव वाचून संपेपर्यंत माणूस बोळाच्या बाहेर पडायचा, म्हणून पेठेनं त्याचं 'टाकी' केलं. जमिनीत निम्मी पुरलेली गोल टाकी, तिला एका अंगानं रांजणासारखं तोंड आणि वर काळा रबरी फुगा. तोंडातून खरकटं घालायचं, ते आत कुजतं, त्याचा गॅस फुग्यात साठतो आणि पाईपनं शेगडीला येतो. तो पाईप तानाबाईंच्या स्वयंपाकघरात घातला गेला, कारण बोळात सर्वांत जास्त ओला कचरा त्यांचा होता. शिवाय पाईप तेवढ्याच लांबीचा आला होता.

टाकी बसवणारा इंजिनिअर शशिधर गडहिंग्लजकडचा. चाळिशीचा, टक्कल पडलेला, शाकाहारी आणि शांत माणूस. तानाबाईंना तो अक्का म्हणायचा. त्यानं पहिल्या दिवशी टाकीची रीत समजावून सांगितली.

"अक्का, दिवसाला आठ बादल्या. हाडं नकोत, लिंबाची सालं नकोत, गोडधोड नको."

"आणि नववी बादली आली तर?"

"घालायची नाही."

"दारात आल्याली बादली परत पाठवू?"

"होय अक्का."

ज्याच्या घरी नीट वाढत नसणार अशा माणसाकडं बघावं तसं तानाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. पण ऐकलं. सुरुवातीचे महिने बऱ्यापैकी ऐकलं. शेगडीवर निळी ज्योत आली आणि तानाबाई पुरत्या बदलून गेल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या हाताला धरून आत न्यायच्या. "ही बघा, कालची भाजी," असं म्हणून ज्योत दाखवायच्या. ताटात भात राहिला तर पूर्वी त्यांचा चेहरा पडायचा. आता त्या खुशीत म्हणायच्या, "राहू दे की. उद्याच्या चहाला हुईल." आग्रह दुप्पट झाला, हा प्रकल्पाचा दुष्परिणाम अहवालात नोंदलेला नाही.

बादली लोटताना त्यांनी तोंड फिरवणं सोडलं, हे एवढं मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. टाकीच्या तोंडाशी वाकून त्या म्हणायच्या, "घे बाई, जेव."

टाकी चालू होती, पण तिचं लोकार्पण झालं नव्हतं. लोकार्पण न होता चालणारी गोष्ट गावात विरळा. याचं कारण असं, की टाकी कुणी आणली यावर पेठेत दोन मतं होती. एक मत माजी नगरसेवक विजयसिंहांचं होतं. ते म्हणत, मी आणली. दुसरं मत भावी नगरसेविका संयोगितावहिनींचं होतं. त्या म्हणत, मी आणली. इकडं पक्ष कोणता हे कुणी विचारत नाही, कारण विचारून घरी जाईपर्यंत तो बदललेला असू शकतो. गट विचारतात. गट बदलत नाहीत. विजयसिंह तरुणपणी पेठेच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते, आणि आता गोल अडवायला त्यांना हलायचीही गरज पडली नसती असा त्यांचा देह झाला होता. संयोगितावहिनी काटक, पहाटे बायकांचा योगाचा वर्ग घेणाऱ्या, साखर हे विष आहे असं सांगणाऱ्या.

महापालिकेची निवडणूक गेली काही वर्षं लागणार लागणार म्हणत होती आणि लागत नव्हती. त्यामुळे सगळे पुढारी एक तर माजी होते, नाही तर भावी. दिवाळीनंतर मात्र ती खरंच लागणार अशी बातमी आली आणि विषय हवे झाले. रस्त्यांवर बोलावं तर ते दिसत होते. पाण्यावर बोलावं तर ते दिसत नव्हतं. टाकी तेवढी चालू होती. कचऱ्यातून ऊर्जा या गोष्टीला विरोध करणारा माणूस अख्ख्या पेठेत एकही नव्हता. सगळ्यांचाच पाठिंबा असला की आपला वेगळा कसा दाखवायचा, ही अडचण दोन्ही गटांपुढं एकाच वेळी उभी राहिली.

पहिला मार्ग विजयसिंहांना सुचला. एका सकाळी बोळाच्या तोंडाशी हलगी वाजू लागली. वरात म्हणून लोक बाहेर आले तर मागं टेम्पो. टेम्पोला झेंडूच्या माळा, पुढं फ्लेक्स. त्यावर हात जोडलेले विजयसिंह आणि अक्षरं, 'पेठेच्या ऊर्जा प्रकल्पास जाहीर व सक्रिय पाठिंबा'.

"तानाबाई, पाठिंबा आणलाय," विजयसिंह म्हणाले.

"कुठं हाय?"

"मागं टेम्पोत."

टेम्पोत आदल्या दिवशीच्या एका लग्नातलं उरलेलं होतं. पिंपं भरून मसालेभात आणि जिलबी. तानाबाईंनी एकदा आठ बादल्या आठवल्या असाव्यात, कारण त्या क्षणभर थांबल्या. पण टेम्पो दारात होता, हलगी वाजत होती, आणि दारात आलेलं परत पाठवायचं हे त्यांना शिकवलेलंच नव्हतं.

"बिचारीनं इतकं म्हयनं कांद्याची सालं खाल्ल्यात," त्या म्हणाल्या. "जरा गोड खाऊ दे की."

दुसऱ्या दिवशी दोन हलग्या आणि मोठा टेम्पो घेऊन संयोगितावहिनी आल्या. त्यांच्या फ्लेक्सवर 'संपूर्ण पाठिंबा' होता. त्यांच्या पिंपांत बासुंदी होती. साखरेबद्दलची त्यांची मतं टाकीला लागू नव्हती. टेम्पो रिकामा होत असताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल किती पिंपं आलती?"

"तीन," कुणीतरी सांगितलं.

"आमची पाच हायत म्हणून लिहा," वहिनी म्हणाल्या. लिहिणारा कुणी नव्हता, तरी म्हणाल्या.

मग ते दर दिवसाआड सुरू झालं. दोन्ही गट लग्नांच्या कार्यालयांबाहेर पंगत उठायची वाट बघत थांबू लागले. एका ठिकाणी वधूपित्याला वाटलं ही माणसं आहेरासाठी आलीत, आणि त्यानं त्यांना टोप्या दिल्या. टाकीच्या तोंडाशी तानाबाई उभ्याच असायच्या. कुणाचं किती घालायचं यात त्यांनी पक्षपात केला नाही. दोघांचंही सगळं घातलं. काळा फुगा टम्म फुगला.

"अंग धरलं बघा टाकीनं," त्या गणपतरावांना म्हणाल्या. गणपतरावांनी फुग्याकडं बॉयलरच्या काट्याकडं बघावं तसं बघितलं आणि ते दोन पावलं मागं सरकले.

एका सकाळी ज्योत पिवळी आली. दुपारी ती जागच्या जागी फडफडली. संध्याकाळी काडी ओढली तर शेगडीनं 'फुस्स' केलं आणि काडीच विझली. बोळात आंबलेल्या ताकासारखा वास सुटला. शशिधरला फोन गेला. तो आला, झाकण उचललं, वास घेतला आणि झाकण परत ठेवलं.

"अक्का, काय घातलंत?"

"काय न्हाय. जरा पावणेर केला."

"किती बादल्या?"

"पावणेरात बादल्या मोजत न्हाईत."

"फुगा बघा की हो केवढा झालाय."

"मग? गॅस हाय की भरपूर."

"गॅस आहे, पण जळणारा नाही. आत जीव असतात अक्का, बारीक. ते खाऊन गॅस करतात. त्यांना झेपेना झालंय. पोटात आंबलंय सगळं."

तानाबाई खाली बसल्या. हे त्यांना समजणाऱ्या भाषेत होतं. तीस वर्षांत त्यांच्या पंगतीतून उठून किती जण सोडा प्यायला धावले याचा हिशेब त्यांनी ठेवला नव्हता, पण त्या सोड्याच्या गाडीवाल्यानं दोन मजले चढवले होते.

"मग औषध?"

"थोडी चुन्याची निवळी. म्हशीच्या शेणाचं पाणी. आणि मुख्य म्हणजे काही घालायचं नाही. दहा-पंधरा दिवस एक घास नाही."

"उपाशी ठेवू?"

"होय अक्का."

"माझ्या दारात?"

शशिधर चुना आणायला बाहेर पडला.

हे एवढ्यावर असतं तर काहीच बिघडलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी प्रकल्प कार्यालयातले साहेब आले. सभ्य माणूस, खिशाला पेन, पेनाला टोपण नाही. दोन्ही गटांचा एवढा पाठिंबा पाहून वरिष्ठांना आनंद झाला आहे, असं त्यांनी सांगितलं. येत्या रविवारी दोघांच्या हस्ते लोकार्पण. टाकीच्या गॅसवर दोघांनी मिळून चहा करायचा, फोटो काढायचे. ज्योत दिसली तर आणखी काही पेठांत टाक्या बसतील.

"आणि न्हाय दिसली तर?" तानाबाईंनी विचारलं.

साहेबांनी भोवताली बघितलं. "जागा तशी चांगली आहे. सेल्फी पॉइंटची मागणी आहे एक."

त्या दिवशी पंगत उठल्यावर तानाबाईंनी ताटातला भात बादलीत लोटला आणि बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा तोंड दुसरीकडं केलं.

रविवारला चार दिवस होते. ज्योत नाही ही गोष्ट बोळाबाहेर जायला चार तास लागले. दोन्ही गटांकडून वेगवेगळे निरोप आले, आणि ते एकसारखे होते. टाकीमागं एक सिलिंडर दडवू, नळी जोडू, कुणाला काय कळतंय.

"मला कळतंय की," तानाबाई म्हणाल्या. "शिळी भाकरी ताजी म्हणून कधी वाढली न्हाय मी. आता गॅस वाढू व्हय?"

दोन्ही निरोप परत गेले. टेम्पो मात्र थांबेनात. टाकी अशक्त झाली आहे असं समजल्यावर पाठिंबा वाढला. विजयसिंहांच्या माणसांचं म्हणणं पडलं की हे वहिनींच्या बासुंदीनं झालं, त्यावर उतारा म्हणून जरा पुलाव. वहिनींच्या माणसांचं म्हणणं की जिलबी बाधली, त्यावर जरा दहीवडे. आणू नका म्हणून सांगितलं तर ते 'असं कसं, असं कसं' म्हणत पिंपं उतरवू लागत. हे 'असं कसं' तानाबाईंच्या ओळखीचं होतं. तीस वर्षं ते त्यांचंच वाक्य होतं.

शेवटी त्यांनी दोन्ही हात पसरून टाकीच्या तोंडापुढं उभं राहून जाहीर केलं, "टाकीनं उपास धरलाय. जोतिबाचा. पौर्णिमेपतूर."

हलग्या थांबल्या. टाकी उपास कसा धरते, असं कुणी विचारलं नाही. आमच्याकडं उपासाला पुरावा मागत नाहीत, आणि निवडणुकीच्या तोंडावर तर मुळीच नाही. टेम्पो पिंपांसकट मागं फिरले. विजयसिंहांच्या एका कार्यकर्त्यानं जाता जाता टाकीला हात जोडले. तानाबाईंना वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आले. दोन्ही एकदमच आले. विजयसिंहांच्या टेम्पोत साबुदाण्याची खिचडी होती. वहिनींच्या टेम्पोत वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी. फ्लेक्सवर टाकीच्या उपासाला पाठिंबा होता.

यात चूक कुणाची काढायची? उपास म्हटल्यावर या मुलखात माणसाच्या डोळ्यापुढं उपाशीपण येतच नाही. रताळं येतं. स्वतः तानाबाईंच्या खानावळीत एकादशीला रोजच्यापेक्षा जास्त गर्दी असते. त्यामुळे त्या टेम्पोकडं नुसत्या बघत राहिल्या. टेम्पो कसेबसे बोळाबाहेर थांबवले गेले, ते गणपतरावांनी आडवी लावलेल्या एका मोटारसायकलमुळं. "बंद हाय," ते म्हणाले. त्यांचं त्या आठवड्यातलं ते एकमेव वाक्य.

शनिवारी दुपारी तानाबाई खाटकाकडं गेल्या. आल्या त्या दोन पिशव्या घेऊन. शशिधर टाकीत शेणाचं पाणी ओतत होता.

"अक्का, हे कशाला? गॅस नाही."

"लाकडं हायत."

"उद्या कार्यक्रम आहे. तुम्ही काय करणार आहात?"

"काय करणार? वाढणार," तानाबाई म्हणाल्या. "दुसरं काय येतंय मला."

रविवारी मागच्या अंगणात गणपतरावांनी तीन दगडांवर चूल पेटवली. बॉयलरवरच्या माणसाला जाळ सांगावा लागत नाही. सकाळपासून बोळात तांबड्या रश्श्याचा असा वास पसरला, की टाकीचा वास कुणाच्या ध्यानातही राहिला नाही. विजयसिंह आले, मागं खिचडीचा टेम्पो. वहिनी आल्या, मागं त्यांचा. साहेब आले. लाल फीत आली, कात्री आली, चहाचं नवं पातेलं आलं.

"आधी जेवण," तानाबाई म्हणाल्या. "उपाशी माणसाच्या हातनं लोकार्पण करत न्हाईत."

"तानाबाई, उपास ना?" साहेबांनी विचारलं.

"उपास टाकीचा हाय. तुमचा न्हवं."

विजयसिंह एका पाटावर, समोर वहिनी, मध्ये साहेब. शशिधर कोपऱ्यात दहीभात घेऊन. पहिली वाढणी रीतीप्रमाणं झाली. सुकं मटण, भाकरी, कांदा, दोन्ही रस्से. वहिनींनी अर्धीच भाकरी घेतली आणि ताटावर हात धरला.

"विजयसिंहदादांनी दोन घेतल्या," तानाबाई सहज म्हणाल्या.

वहिनींनी हात काढला. तिकडं विजयसिंहांनी पांढऱ्या रश्श्याच्या दुसऱ्या वाटीला नको म्हटलं.

"बरं," तानाबाई म्हणाल्या, "वहिनींची तिसरी चाललीया."

ती पहिलीच होती. पण विजयसिंहांनी वाटी पुढं केली, आणि ते पाहून वहिनींनीही केली. त्यानंतर तानाबाईंना फारसं बोलावं लागलं नाही. पेठेत दोन तालमींनी गणपतीची उंची जशी वाढवत न्यावी तशी ती पंगत वर वर जात राहिली. वहिनींनी योगातला कुठलासा श्वास घेऊन एक भाकरी खाली उतरवली. विजयसिंहांनी पट्टा सैल केला, मग काढूनच बाजूला ठेवला. साहेबांचं कुणाशीच वैर नव्हतं, पण ते मध्ये बसले होते आणि दोन्ही बाजूंनी आलेला पळा त्यांच्या ताटावरून जाताना थोडा थोडा रिकामा होत होता. 'नको' हा शब्द दोघांच्याही ओठांवर अनेकदा आला, पण आधी कुणी म्हणायचा हे ठरत नव्हतं.

शेवटी विजयसिंहांचा हात ताट आणि तोंड यांच्या मध्ये कुठंतरी थांबला. समोर वहिनी भिंतीला टेकून छताकडं बघत होत्या. तेव्हा तानाबाई आतून जिलबीचं ताट घेऊन आल्या.

"आता एकेक जिलबी."

विजयसिंहांनी हात जोडले. फ्लेक्सवर जोडतात तसे नाहीत. खरे जोडले. "तानाबाई, बास. जीव जाईल."

वहिनींनी नुसती मान हलवली.

तानाबाईंनी ताट खाली ठेवलं आणि स्वतः खाली बसल्या. "तुमास्नी तोंड हाय, हात हायत. बास म्हणता आलं. तिला नुसतंच तोंड हाय," त्या टाकीकडं मान करून म्हणाल्या. "तिलाबी बास म्हणायचं हुतं. तुमी आणत ऱ्हायलासा. आणि घालणारी मी. तुमच्यापरीस माझंच चुकलं. मला वाटलं, नको म्हणत न्हाय म्हंजे पायजेच असंल."

कुणी काही बोललं नाही. बोलण्याइतकी जागाच आत शिल्लक नव्हती. मग साहेबांना एक लांबलचक ढेकर आला, आणि सभ्य माणूस असल्यामुळं त्यांनी त्याबद्दल माफी मागितली.

"किती दीस लागतील तिला?" विजयसिंहांनी डोळे मिटून विचारलं.

"दहा-पंधरा," शशिधर म्हणाला. "काही घातलं नाही तर."

"पुढं ढकला, साहेब."

"सहमत," वहिनी छताला म्हणाल्या. दोन्ही गटांचं एकमत होण्याचा तो प्रसंग पाहायला पत्रकार नव्हते. ते बाहेर चहाची वाट बघत होते.

साहेबांनी आडवं पडूनच वरिष्ठांना फोन लावला. ज्योत दिसली नाही असं सांगता आलं नसतं, कारण ती बघण्याचा कार्यक्रमच झाला नव्हता. लोकार्पण अपरिहार्य कारणास्तव पुढं ढकलण्यात आलं, एवढंच त्यांनी सांगितलं. कारण विचारल्यावर त्यांनी 'प्रकृती' असा शब्द वापरला. कुणाची, ते पलीकडून विचारलं गेलं नसावं.

बाहेर दोन्ही टेम्पो उभेच होते, आणि दोन्ही गटांचे कार्यकर्ते सकाळपासून उपाशी होते. नेते बाहेर येईनात, तेव्हा आधी विजयसिंहांच्या माणसांनी खिचडीचं झाकण काढलं. मग वहिनींच्या माणसांनी आमटीचं. मग दोन्हींची अदलाबदल झाली. कार्यकर्त्यांनी आपला पाठिंबा स्वतः खाल्ला, असं पेठेत प्रथमच घडलं.

पुढचे दिवस तानाबाईंना कठीण गेले. लाकडाच्या धुरानं डोळे लाल व्हायचे, आणि दुपारची बादली भरली की त्या ती टाकीपर्यंत न्यायच्या आणि तशीच परत आणायच्या. पुन्हा कंटेनर, पुन्हा गणपतराव. सकाळी उठल्यावर त्या टाकीला कान लावून बसायच्या. आत काय ऐकू येतं विचारलं तर म्हणायच्या, "गप हाय. झोपली असंल." फुगा बसत गेला, सुरकुतला. सेल्फी पॉइंटवाले एकदा येऊन जागा मोजून गेले. त्यांना तानाबाईंनी जेवायला बसवलं नाही. त्यावरून पेठेला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

बाराव्या की तेराव्या दिवशी वास गेला. आणखी दोन दिवसांनी शशिधरनं काडी ओढली आणि शेगडीच्या एका बाजूला करंगळीएवढी निळी ज्योत उभी राहिली. तानाबाईंनी तिच्यावर चहाचं लहान पातेलं ठेवलं. उकळी यायला वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

लोकार्पण अजून व्हायचंय. बोळाच्या तोंडाशी दोन फ्लेक्स आहेत. एकावर टाकीला विश्रांती मिळवून दिल्याबद्दल विजयसिंहांचे जाहीर आभार आहेत, दुसऱ्यावर वहिनींचे. आभार मानणारे त्यांचेच लोक आहेत. ज्योत आता शेगडीभर आली आहे, आणि दुसऱ्या पेठांतल्या टाक्यांना सगळ्यांचाच पाठिंबा आहे. त्या अजून बसलेल्या नाहीत, म्हणून त्यांच्या तब्येती उत्तम आहेत.

परवा दुपारी मी जेवत होतो. तानाबाई मागच्या दारात टाकीशी वाकल्या होत्या. आठवी बादली घातली. नववी उचलली, तोंडापर्यंत नेली, आणि तशीच धरून उभ्या राहिल्या. मग "हे उद्याच्याला," असं तिला सांगून बादली झाकून ठेवली आणि हात पुसत आत आल्या. माझं ताट बघितलं आणि पळा उचलला.

"बास," मी म्हणालो. "खरंच बास. आत्ताच तुम्ही तिला नववी बादली दिली नाहीत."

"तुमी काय टाकी हायसा?" त्या म्हणाल्या आणि वाटी भरली.